सुटकेनंतर दारावर कोण येतं?

सकाळचे साडेनऊ. इंग्लंडमधल्या एखाद्या मध्यम शहरातली गल्ली, एकमेकांना चिकटून उभी असलेली विटांची घरं. कोपऱ्यावर एक साधी मोटार थांबते. तिच्यावर पट्टे नाहीत, दिवा नाही. दोघं जण उतरतात, बरेचदा एक बाई आणि एक पुरुष. अंगावर रोजचे कपडे, हातात पातळशी फाईल. शेजारच्यांनी पाहिलं तर विमा कंपनीची माणसं वाटावीत. बेल वाजते. आधी फोन केलेला नसतो. दार उघडणारा माणूस लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेला असतो आणि दारातली दोघं पोलीस असतात. ओळख हळू आवाजात दिली जाते, कारण भिंतीपलीकडच्या घराला ती कळायची गरज नसते. मग विचारलं जातं, ‘आत येऊ का?’

आत गेल्यावर गप्पा सुरू होतात. काम टिकलंय का? आईची तब्येत कशी आहे? भाडं थकलंय का? हे विचारता विचारता डोळे घरभर फिरत असतात. दाराशी लहान मापाचे बूट दिसतात का? बाथरूममध्ये दात घासायचे ब्रश किती? कबुली एका फोनची आहे, मग चार्जर तीन कसे? कचऱ्याच्या डब्याशेजारी नव्या टॅबलेटचं रिकामं खोकं पडलंय का? मागच्या वेळी नीटनेटकी असलेली खोली आज अस्ताव्यस्त का, भर दिवसा पडदे ओढलेले का? ‘नवी मैत्रीण झाली आहे’ असं तो सांगतो. तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तिला मुलं आहेत का?

अर्धा-पाऊण तासात दोघं बाहेर पडतात. कुणाला अटक झालेली नसते आणि कुठल्याही वर्तमानपत्रात त्याची बातमी येणार नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांची स्वतंत्र पथकं वर्षभर हेच काम करतात. २०२४ च्या मार्चअखेरीस तिथे नोंद झालेल्या लैंगिक गुन्हेगारांची संख्या सुमारे ७० हजार होती. त्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या अधिकाऱ्याच्या नावावर असतो.

आपल्याकडे लैंगिक गुन्ह्यांवरचा सगळा आक्रोश शिक्षेपाशी येऊन थांबतो. फाशी द्या, जन्मठेप द्या, जलद न्यायालयं काढा, अशा मागण्या होतात. पण शिक्षा झालेल्यांपैकी बहुसंख्य माणसं कधी ना कधी तुरुंगाच्या दारातून बाहेर पडतात. कुठल्या तरी गल्लीत खोली घेतात, कुठल्या तरी दुकानात कामाला लागतात. त्या दिवसापासून पुढे काय, हा प्रश्न ब्रिटनने गेली पंचवीसहून अधिक वर्षं धसास लावला आहे. त्यात चुकाही केल्या आहेत. त्या चुकांतूनही आपल्याला शिकण्यासारखं आहे.

ब्रिटनमध्ये अशा गुन्हेगारांच्या नोंदणीचा कायदा १९९७ साली आला. सुरुवातीला तो बराच ढिला होता. सुटून आलेल्याने आपला पत्ता पोलिसांना कळवायचा आणि त्यासाठी १४ दिवसांची मुदत. तीन वर्षांनी, १ जुलै २००० रोजी, वेस्ट ससेक्समध्ये आठ वर्षांची सारा पेन ही मुलगी आजोबांच्या घराजवळच्या शेतात खेळताना नाहीशी झाली. दुसऱ्याच दिवशी पोलीस रॉय व्हाइटिंग नावाच्या माणसाच्या दारात होते. १९९५ साली त्याने दुसऱ्या एका आठ वर्षांच्या मुलीला पळवून तिच्यावर अत्याचार केला होता. त्याची शिक्षा झाली होती चार वर्षांची, आणि १९९७ च्या अखेरीस तो सुटलाही होता. नोंदवहीत त्याचं नाव होतं, म्हणूनच पोलीस इतक्या लवकर त्याच्यापर्यंत पोचले. चौकशी करून ते बाहेर थांबले, तेव्हा तो व्हॅनमध्ये बसून निघायच्या तयारीत दिसला. त्याला अडवल्यावर व्हॅनमध्ये पेट्रोल पंपाची एक पावती सापडली. आपण त्या भागात फिरकलोच नाही, या त्याच्या जबाबाला ती पावती खोटं पाडत होती. सतराव्या दिवशी साराचा मृतदेह पुलबरो गावाजवळ सापडला. डिसेंबर २००१ मध्ये व्हाइटिंगला जन्मठेप झाली.

पोलिसांना त्याचा पत्ता माहीत होता. त्यामुळे तपास वेगाने झाला, पण मूल वाचलं नाही. मेख नेमकी इथेच होती. तोवरची नोंदवही गुन्हा घडल्यावर कुठे जायचं हे सांगत होती. गुन्हा घडायच्या आधी त्या पत्त्यावर जायचं, आत बसायचं, त्या माणसाचं आयुष्य कुठे चाललंय ते पाहायचं, हे काम कुणाच्या गळ्यात नेमकं बांधलेलं नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत कायद्याचे एकेक स्क्रू आवळले गेले. लैंगिक गुन्ह्यांविषयीचा २००३ चा कायदा आणि २०१२ ची नियमावली मिळून आजची व्यवस्था उभी राहिली. सुटकेनंतर तीन दिवसांच्या आत ठरलेल्या पोलीस ठाण्यावर स्वतः जायचं. नाव, पूर्वीची सगळी नावं, जन्मतारीख, घरचा पत्ता, पासपोर्ट, बँक खातं, क्रेडिट कार्ड, सगळं सांगायचं. पोलीस फोटो आणि बोटांचे ठसे घेऊ शकतात. पत्ता बदलला की तीन दिवसांत पुन्हा हजर. वर्षाच्या कालावधीत दुसऱ्या कुठल्या घरी एकूण सात दिवस राहिला तर तेही सांगायचं. अठरा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात बारा तास काढले तरी सांगायचं. परदेशी जायचं असेल तर सात दिवस आधी कळवायचं. घरदार नसलेल्याने दर आठवड्याला हजेरी लावायची. आणि काहीच बदललं नसेल तरी वर्षातून एकदा येऊन ‘काही बदललं नाही’ एवढं सांगून जायचं. यातलं काही चुकवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बँक खातं कशाला, असं वाटू शकतं. इंटरनेटवरून पैसे देऊन मुलांची अत्याचारी चित्रं किंवा थेट दृश्यं पाहणाऱ्यांचा माग बरेचदा पैशाच्या वाटेनेच लागतो, हे त्याचं उत्तर.

ही बंधनं किती काळ? ते शिक्षेवर ठरतं. सहा महिन्यांपर्यंत शिक्षा असेल तर सात वर्षं. त्याहून जास्त पण अडीच वर्षांपेक्षा कमी असेल तर दहा वर्षं. अडीच वर्षं किंवा अधिक असेल तर कायमची. यातल्या ‘कायमची’ या शब्दावर २०१० साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात मोठा वाद झाला. आपण आता धोकादायक उरलो नाही हे दाखवायची संधीच आयुष्यभर मिळणार नसेल, तर ते खासगी आयुष्याच्या हक्कात बसत नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. त्यानंतर पंधरा वर्षांनी फेरविचाराचा अर्ज करता येऊ लागला. निकालावर तेव्हा बरीच आरडाओरड झाली. पण अधिकाऱ्यांच्या हातातल्या वेळाचा विचार केला, तर ऐंशी वर्षांच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे वाया जाणारी फेरी खऱ्या धोकादायक माणसाच्या दारापाशी वळवता येते. निकाल त्या अर्थीही बरोबर होता.

खरा धोकादायक कोण, हे मात्र कसं ओळखायचं?

समज असा असतो की एकदा असा गुन्हा केलेला माणूस पुन्हा करणारच. १९९८ साली कॅनडातले संशोधक कार्ल हॅन्सन आणि मोनिक बुसिएर यांनी ६१ अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली. चार-पाच वर्षांच्या काळात पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेल्यांचं प्रमाण निघालं १३.४ टक्के. पकडले न गेलेले यात येत नाहीत, तेव्हा खरा आकडा मोठा असणार. तरीही सगळ्यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे, हे त्यातून स्पष्ट होतं. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट पोलिसांना धक्का देणारी होती. माणूस गुन्हा नाकारतो की कबूल करतो, पीडितेविषयी त्याला कळवळा आहे की नाही, याचा पुढच्या गुन्ह्याशी फारसा संबंध दिसला नाही. तुरुंगात डोळ्यांतून पाणी काढणारा सुधारला आणि मख्ख बसलेला बिघडलेला, हा आपला नेहमीचा हिशेब तिथे चालत नाही.

म्हणून धोका दोन पायऱ्यांनी मोजतात. पहिली पायरी न बदलणाऱ्या गोष्टींची: वय, आधीचे गुन्हे किती, पीडित व्यक्ती अनोळखी होती का. दुसरी पायरी रोज बदलणाऱ्या गोष्टींची, आणि पोलिसांचं खरं कसब तिथे लागतं. राहायला जागा आहे का, काम आहे का, दारू वाढली का, चांगलं सांगणारं कुणी माणूस आयुष्यात आहे का, की दिवसभर बंद खोलीत मोबाईलशी एकटा बसतो? घर, काम आणि माणसं या तीन गोष्टी धोका कमी करतात. नोकरी गेली, बायको सोडून गेली, घरमालकाने बाहेर काढलं, की अधिकाऱ्याच्या मनात घंटी वाजते आणि पुढची फेरी अलीकडे येते.

फेऱ्यांचं साधारण वेळापत्रक असं असतं: धोका अतिशय जास्त असेल तर दर महिन्याला, जास्त असेल तर तीन महिन्यांनी, मध्यम असेल तर सहा महिन्यांनी, कमी असेल तर वर्षातून एकदा. माणूस दार उघडायलाच तयार नसेल तर काय? पोलिसांना जबरदस्तीने आत घुसता येत नाही. पण निदान दोनदा येऊन प्रवेश मिळाला नाही, तर वरिष्ठ अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडून खास वॉरंट आणू शकतो. धोका तपासण्यासाठी घरात शिरायचा हा अधिकार २००६ च्या कायद्याने दिला. वॉरंटची वेळ सहसा येत नाही. दार उघडलं नाही तर वॉरंट येणार, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

याशिवाय न्यायालय माणसागणिक वेगळे मनाई आदेश काढतं. मुलांबरोबर एकट्याने थांबायचं नाही, पोहण्याच्या तलावावर जायचं नाही, पोलिसांना न कळवता इंटरनेट चालणारं कुठलंही यंत्र घ्यायचं नाही. त्यात एक अट नेहमी दिसते आणि ती नेमकी वर्मावर बोट ठेवते: ब्राउझरचा इतिहास पुसायचा नाही. पोलीस भेटीला आले आणि इतिहास कोरा दिसला, की तोच अटीचा भंग. हे आदेश निदान पाच वर्षांचे असतात.

एकट्या पोलिसांच्या बळावर हे चालत नाही. २००१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘मापा’ नावाची व्यवस्था आहे. पोलीस, तुरुंग आणि सुटकेनंतर देखरेख करणारं प्रोबेशन खातं यांची त्यात एकत्र जबाबदारी असते. मदत करणं घरबांधणी खातं, आरोग्य सेवा, बालकल्याण विभाग आणि रोजगार कार्यालय यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक माणसं एकाच खात्याच्या नेहमीच्या देखरेखीत राहतात. मोजक्या, सर्वांत अवघड प्रकरणांसाठी सगळे एका टेबलाभोवती बसतात. अमुक माणूस अमुक तारखेला सुटतोय, त्याला घर कुठे द्यायचं? सुचवलेल्या घरासमोर पाळणाघर आहे, हे पोलिसाला नकाशावर दिसतं पण घरबांधणीवाल्याला ठाऊक नसतं. त्याची औषधं बंद झाली आहेत हे आरोग्य सेवेला माहीत असतं, पोलिसांना नसतं. ही माहिती वेगवेगळ्या कपाटांत पडून राहिली तर तिचा उपयोग शून्य. प्रत्येक विभागातल्या या यंत्रणेवर सर्वसामान्य नागरिकांमधून नेमलेले दोन सल्लागारही असतात. खात्याची भाषा न बोलणारं कुणी तरी त्या टेबलावर असावं, हा त्यामागचा विचार.

आता या सगळ्यातला सर्वांत चिघळलेला प्रश्न. शेजाऱ्यांना सांगायचं की नाही?

साराच्या खुनानंतर त्याच महिन्यात एका मोठ्या खपाच्या रविवारच्या वर्तमानपत्राने लैंगिक गुन्हेगारांची नावं आणि फोटो छापायला सुरुवात केली. मोहीम दोन आठवड्यांत थांबवावी लागली, पण तेवढ्यात आग लागली होती. ऑगस्ट २००० मध्ये पोर्ट्समथमधल्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत रात्रीमागून रात्री जमाव रस्त्यावर उतरला. मोटारी जाळल्या, खिडक्या फोडल्या. ज्यांचा काही संबंध नव्हता अशी कुटुंबंही घर सोडून पळाली. वेल्समधल्या न्यूपोर्ट भागात बालरोगतज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरबाईंच्या दारावर रंगाने शिवी लिहिली गेली. बालरोगतज्ज्ञासाठीचा इंग्रजी शब्द मुलांवर अत्याचार करणाऱ्यासाठीच्या शब्दाशी थोडा जुळतो, एवढंच कारण. त्या दिवसांत पोलिसांची डोकेदुखी वेगळीच होती. नोंदवहीतली माणसं पत्ता न सांगता गायब होत होती. ज्याचं दार ठाऊक होतं, त्याचं दार हरवलं.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. न्यू जर्सीतल्या मेगन कान्का या मुलीच्या खुनानंतर १९९६ साली देशभर कायदा झाला आणि गुन्हेगारांची माहिती लोकांसाठी खुली झाली. आज नाव, फोटो आणि पत्ता इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो. त्यापाठोपाठ अनेक शहरांनी अशा माणसांनी शाळा-बागांपासून किती लांब राहायचं याचे नियम केले. मायामी भागात हे अंतर २५०० फूट, म्हणजे सुमारे पाऊण किलोमीटर ठरलं. शहराच्या नकाशावर प्रत्येक शाळेभोवती एवढं वर्तुळ काढलं, तर राहायला जागा उरेल कुठे? ती उरली खाडीवरच्या ज्युलिया टटल पुलाखाली. २००७ पासून तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, आणि एका टप्प्यावर शंभरावर माणसं राहू लागली. काहींच्या वाहन परवान्यावर सरकारने पत्ता म्हणून त्या पुलाचंच नाव छापलं. २०१० मध्ये ती वस्ती हलवली गेली. ना घर, ना काम, ना भलं सांगणारं माणूस. वर सांगितलेल्या, धोका कमी करणाऱ्या तिन्ही गोष्टी सरकारनेच हिरावून घेतल्या होत्या. पुलाखाली ढकललेला माणूस मुलांसाठी अधिक सुरक्षित झाला, असं मानायला काडीचाही आधार नव्हता.

ब्रिटनने अखेर मधला मार्ग काढला. २००८ मध्ये चार भागांत प्रयोग करून २०११ पर्यंत तो देशभर नेला. त्याला लोक ‘साराचा कायदा’ म्हणतात. मुलाच्या सहवासात येणाऱ्या एखाद्या माणसाविषयी शंका असेल, तर कुणीही पोलिसांकडे जाऊन विचारू शकतो. एखाद्या आईचा नवा जोडीदार, रोज शिकवायला येणारा मास्तर, अति जवळीक करणारा शेजारी, कुणीही. पोलीस तपासतात. धोका असेल तर माहिती दिली जाते, पण ती मुलाचं रक्षण करू शकणाऱ्या व्यक्तीलाच, म्हणजे बहुतेक वेळा आईला किंवा वडिलांना. ही माहिती आणखी कुणाला सांगणार नाही, अशी लेखी हमी घेतली जाते. प्रश्न विचारणारी आजी असेल तरी उत्तर आईलाच मिळतं. यात गुपितही राखलं जातं आणि मूलही. या लेखापुरतं मत सांगायचं तर, आजवरच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत शहाणा आहे.

तुरुंगातल्या उपचारांवरही ब्रिटनने मोठा भरवसा ठेवला होता. वर्षानुवर्षं चाललेल्या गटउपचारांचा निकाल तिथल्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. उपचार घेतलेल्या २,५६२ जणांपैकी दहा टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडले होते. उपचार न घेतलेल्या तशाच माणसांत हे प्रमाण आठ टक्के होतं. कार्यक्रम बंद करून दुसरे सुरू करण्यात आले. आपल्याच योजनेचा असा निकाल सरकारने छापला, याचं कौतुक करायलाच हवं.

एक वेगळा प्रयोग कॅनडातून आला. १९९४ साली ओंटॅरिओतल्या हॅमिल्टन शहरात मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस सुटून आला. गाव खवळलं होतं. हॅरी नाय या मेनोनाइट पंथाच्या पाद्रींनी आपल्या मंडळींतली काही माणसं जमवली आणि त्याच्याभोवती कडं केलं. रोज कुणी तरी त्याला भेटायचं, बाजाराला सोबत करायची, आणि तो वाकड्या वाटेला लागतोय असं दिसलं की तोंडावर सांगायचं, गरज पडली तर पोलिसांनाही. त्यातून ‘आधार आणि जबाबदारीची वर्तुळं’ जन्माला आली. २००२ पासून ती ब्रिटनमध्येही चालतात. चार-सहा स्वयंसेवक आणि मधे तो माणूस, आठवड्यातून एकदा भेट. हे स्वयंसेवक गुन्ह्याला माफी देत नाहीत. पण एकटं बसलेल्या माणसाच्या मनात काय शिजतंय ते कुणाला तरी कळतं, आणि पोलिसांना महिन्याकाठी मिळणाऱ्या अर्ध्या तासापेक्षा हे पुष्कळ जास्त असतं.

हे काम करणाऱ्यांविषयीही लिहायला हवं. जप्त केलेल्या फोनमधली चित्रं पाहायची, मग त्याच माणसाच्या घरी बसून आवाज न चढवता बोलायचं, आणि संध्याकाळी आपल्या मुलांना शाळेतून घेऊन घरी जायचं. एका अधिकाऱ्याकडे डझनावारी माणसं असतात, आणि आकडा दरवर्षी चढतो आहे. यंत्रणेत नाव बदलण्याची एक पळवाटही आहे. कायद्याने नाव बदलायचं, नव्या नावाने कागदपत्रं काढायची आणि ठाण्यावर कळवायचंच नाही. काही जण असे हातातून निसटले आणि संसदेत त्यावर वारंवार प्रश्न विचारले गेले. या सगळ्या यंत्रणेचा स्वतंत्र आढावा डर्बीशायरचे माजी पोलीस प्रमुख मिक क्रीडन यांनी घेतला आणि तो २०२३ मध्ये बाहेर आला.

महाराष्ट्र आणि गोव्याचा या गोष्टीशी थेट संबंध आहे, आणि तो दुखरा आहे. मडगावमध्ये अनाथ मुलांसाठी घर चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या प्रकरणाचं सावट गोव्यावर बराच काळ राहिलं. २००३ साली गोव्याने बालकांसाठी स्वतःचा वेगळा कायदा केला. मुंबईत कुलाब्याजवळ ‘अँकरेज’ नावाची आसराघरं डंकन ग्रँट या ब्रिटिश माणसाने काढली होती. तो आणि अॅलन वॉटर्स हे दोघेही पूर्वीचे नौदलातले. तिथल्या मुलांवर अत्याचार केल्याबद्दल मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोघांना दोषी ठरवलं, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सोडलं, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा कायम केली. परदेश प्रवासाची सात दिवस आधी सूचना देण्याचा ब्रिटनचा नियम आपल्याला दूरचा वाटायचं कारण नाही. धोकादायक माणूस निघाला की त्याची सूचना इंटरपोलमार्फत दुसऱ्या देशाला देता येते. ती दाबोळी किंवा सहार विमानतळावर वेळेवर पोचली, तर एखाद्या समुद्रकिनाऱ्यावरचं एखादं मूल वाचतं.

भारतात काय आहे? २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सुरू केली. सुरुवातीलाच तिच्यात चार लाख चाळीस हजारांहून अधिक नोंदी होत्या. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते, लोकांना नाही, आणि हे योग्यच आहे. पॉल्सग्रोव्हमध्ये जे झालं ते आपल्या व्हॉट्सअॅपच्या काळात काय रूप घेईल याची कल्पनाही करवत नाही. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत दरवर्षी हेच दिसतं की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. घरातल्या माणसाचं नाव यादीत छापायचं म्हणजे पीडित मुलीचंही नाव गावभर करण्यासारखंच आहे.

पण आपली यादी आज ब्रिटनच्या १९९७ च्या नोंदवहीसारखी आहे. गुन्हा घडल्यावर तपासाला उपयोगी. शाळेने नोकरीआधी पडताळणी मागितली तर उपयोगी. येरवड्यातून किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला माणूस पुढे कुठे राहिला, कुणाच्या घरात शिरला, कुठल्या क्लासमध्ये शिपाई लागला, हे ठरलेल्या दिवशी जाऊन पाहणारी जोडी तिच्यामागे उभी नाही. आपल्या हाताशी आहे ती तडीपारी. तिने माणूस जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे जातो, म्हणजे ज्या ठाण्याला तो माहीत आहे तिथून ज्या ठाण्याला माहीत नाही तिथे. मायामीच्या पुलाची ही आपली आवृत्ती.

घरी जाऊन पाहण्याची सवय मात्र आपल्या पोलिसांना नवी नाही. हिस्ट्रीशीटवरच्या माणसाच्या घरी फेरी मारणं बीट अंमलदाराला पाठ असतं. पण तिथे एक कायदेशीर गाठ आहे. खडक सिंग प्रकरणात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश पोलिसांचा रात्री घरी जाऊन तपासण्याचा नियम घटनाबाह्य ठरवला. कायद्याचा आधार नसताना नागरिकाच्या उंबऱ्यावर रात्री थाप मारता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. १९७५ मध्ये मध्य प्रदेशच्या गोविंद प्रकरणात न्यायालयाने अशा भेटींना मान्यता दिली, पण नियमाला कायद्याचं बळ असेल आणि ज्यांच्यापासून खरोखर धोका आहे अशांपुरतीच.

म्हणजे मार्ग बंद नाही, पण तो विधिमंडळातून जातो. त्या कायद्यात कुणाच्या घरी जायचं, किती महिन्यांनी, दिवसा की रात्री, नोंद कुठे करायची, किती वर्षांनी फेरविचार होणार आणि शेजाऱ्यांपुढे तोंड कसं बंद ठेवायचं, हे लिहावं लागेल. त्यासाठी एक महिला आणि एक पुरुष अंमलदार अशी प्रशिक्षित जोडी लागेल, जिच्याकडे दुसरं काम नसेल. बंदोबस्त, समन्स बजावणं आणि पासपोर्टची पडताळणी करून थकलेल्या हवालदाराच्या डायरीत आणखी एक ओळ वाढवून हे होणार नाही.